आम्ही संत्र्याची बाग पाहिली

आपल्या सिहोऱ्याहून कोणत्याही वाटेने निघा, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्याच लागतात. परहे कसे उपटायचे, रोवणी कशी करायची, कडपा कधी बांधायच्या, पुंजणे कसे रचायचे हे आपल्या वर्गात कोणाला शिकवावे लागत नाही. पण संत्र्याचे तसे नाही. संत्रा आपण सारेच खातो. तुमसरच्या बाजारात तो ढिगाने विकायला येतो. मात्र झाडावर लागलेला संत्रा किती जणांनी पाहिला, असे मी वर्गात विचारले तेव्हा फक्त दोघांनी हात वर केले. म्हणून या अंकासाठी मी आमच्या सहलीविषयी लिहीत आहे.

ही सहल नुसती मौजेची नव्हती. त्यामागे एक कारण होते. आमची एकंदर अडीच एकर शेती आहे. त्यातली एक एकर टेकराजवळ आहे. घरी तिला सारे टेकराची बांधी म्हणतात. घरचा वर्षाचा तांदूळ त्याच बांधीतून निघतो. दिवाळीच्या सुमारास अवकाळी पाऊस आला की कापलेला धान भिजतो. एका वर्षी तर कडपांतच दाण्यांना कोंब फुटले होते. तेव्हापासून बाबांच्या मनात एकच विचार होता. ते म्हणायचे, "एकाच पिकाच्या भरवशावर राहून चालत नाही. नागपूरकडचे लोक संत्र्यावर उभे झाले. आपणही टेकराच्या बांधीत संत्रा लावू." त्यांनी बँकेत जाऊन कर्जाची चौकशीही करून ठेवली होती.

आईचा प्रश्न वेगळा होता. ती म्हणाली, "झाड मोठं होईपर्यंत खायचा तांदूळ कुठून आणायचा?" आजी तर रागावलीच. "काहून रे, धानानं तुले काय कमी केलं?" असे म्हणून ती आत निघून गेली. घरात आठ दिवस हाच विषय चालला होता. शेवटी नागपूरच्या मामांनी फोनवर तोड काढली. ते म्हणाले, "भाऊजी, भाऊबीजेला सगळेच या. एक दिवस काटोलकडं जाऊन बाग डोळ्यानं पाहू. मग काय ते ठरवा." मामा नागपूरच्या कळमना बाजारात एका अडत्याकडे हिशोब लिहितात. बाजारात माल आणणारे बागवाले त्यांच्या ओळखीचे आहेत.

हलका धान कापून झाला होता. भारी धान अजून बांधीत उभा होता. त्यामुळे दोन दिवसांची सवड मिळाली. आम्ही एस.टी.ने तुमसर, तुमसरहून भंडारा आणि तिथून नागपूरला गेलो. मौद्याजवळ कन्हान नदीचा पूल लागला तेव्हा आजीने खिडकीतून हात जोडले. बाबांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. तिच्यात टेकराच्या बांधीतली माती होती. मामांनी ती पिशवी पाहिली आणि हसत म्हणाले, "संत्रे आणाले चालले का माती विकाले?" बाबा काही बोलले नाहीत. पिशवी त्यांनी सोडली नाही.

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गणेशपेठच्या बसस्थानकावर गेलो. आई, बाबा, आजी, मामा, मामी, मी आणि लहान भाऊ असे सात जण होतो. काटोल हे नागपूरच्या वायव्येला आहे. बस शहर सोडून बाहेर पडली तसे उंच घरे, दुकाने, कारखाने मागे पडत गेले. कळमेश्वरच्या पुढे मोकळी शेती दिसू लागली. कापूस फुटला होता. तूर फुलावर होती. सोयाबीन निघून गेलेली वावरे नांगरून पडली होती. आपल्यासारखे पाणी अडवणारे धुरे कुठेच दिसेनात. जमीन चढउताराची, पाणी वाहून जाईल अशी. आजी मला म्हणाली, "पोरी, इथं पाणी थांबवतच नाहीत वाटते." सहलीतली पहिली महत्त्वाची गोष्ट आजीनेच पाहिली, हे मला नंतर समजले.

काटोलला उतरून आम्ही ऑटोने बागेत गेलो. संत्र्याचे झाड आंब्यासारखे उंच नसते. ते गोल, गर्द हिरवे आणि जमिनीपर्यंत झुकलेले असते. फळांच्या भाराने फांद्या वाकल्या होत्या. काही फांद्यांना बांबूचे टेकू दिले होते. काही संत्रे पिवळे, काही हिरवट, काही पूर्ण रंगलेले होते. भाऊ तर ओरडतच पळत सुटला.

बागवाले काका आणि काकू यांनी आम्हाला पाणी आणि दिवाळीचा फराळ दिला. मग काकांनी आम्हाला बाग दाखवायला सुरुवात केली. मी वही काढली. दोन झाडांमध्ये वीस फूट अंतर होते. एका ओळीत १२ झाडे, अशा ९ ओळी मी मोजल्या. १२ गुणिले ९ म्हणजे १०८. काका म्हणाले, "बरोबर. एका एकरात एवढीच बसतात." घरी आल्यावर मी गणित करून पाहिले. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. एका झाडाला वीस गुणिले वीस म्हणजे ४०० चौरस फूट जागा. भाग दिला तर १०८ च येतात. तुम्हीही करून पाहा.

काकांनी एका झाडाचे खोड दाखवले. जमिनीपासून वीतभर उंचीवर त्यावर एक गाठ होती. ते म्हणाले, "खाली जंबेरी आहे आणि वर संत्रा." जंबेरी हे लिंबाच्या जातीचे रानवट झाड आहे. त्याच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. डोळा फुटला की जंबेरीचा वरचा भाग कापून टाकतात. म्हणजे मुळे एका झाडाची आणि फळे दुसऱ्या झाडाची! आजीने त्या गाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "सून दुसऱ्या घरची, पण घर तीच चालवते, तसंच हे."

सर्व झाडांची खोडे खालून दोन-तीन फुटांपर्यंत निळसर पांढरी रंगवलेली होती. मला वाटले, शोभेसाठी असेल. पण ती बोर्डो पेस्ट होती. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून ती करतात. फ्रान्स देशात बोर्डो नावाचा द्राक्षांचा भाग आहे. तिथे १८८० नंतरच्या वर्षांत द्राक्षवेलींवर हे औषध वापरू लागले, म्हणून त्याला हे नाव पडले. संत्र्याच्या खोडाशी ओल राहिली तर साल कुजते आणि तिच्यातून डिंक गळतो. त्या रोगाला डिंक्या म्हणतात. तो होऊ नये म्हणून हा लेप. पाणीसुद्धा खोडाला लागू देत नाहीत. पूर्वी झाडाभोवती मातीच्या दोन बांगड्या करत, आतली लहान आणि बाहेरची मोठी. पाणी त्या दोन बांगड्यांच्या मधेच सोडायचे. आता काकांनी ठिबक बसवले आहे. थेंब थेंब पाणी पडते, तेही खोडापासून दूर.

यानंतर काकांनी जे सांगितले ते ऐकून आम्ही सारे थक्क झालो. डिसेंबर महिन्यात ते झाडांचे पाणी बंद करतात. त्याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल होतात, काही गळूनही पडतात. आजी म्हणाली, "म्हंजे झाडाले उपाशी ठेवता जी?" काका म्हणाले, "उपाशी नाही माय, तहानलेलं ठेवतो. तहान लागली की झाडाले वाटते, आता आपलं काही खरं नाही. मग ते फुलावर येते." जानेवारीत खत आणि पाणी दिले की पांढरी फुले लागतात. सारी बाग वासाने भरून जाते. आंब्याच्या मोहोराच्या वेळी फुले येतात म्हणून याला आंबिया बहार म्हणतात. त्याची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतात. दुसरा मृग बहार. त्याला उन्हाळ्यात ताण बसतो, मृगाच्या पावसावर फुले येतात आणि फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतात. आजीने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "फुलापासून फळापर्यंत नऊ महिने. बाईसारखंच आहे हे झाड." काकू हसल्या. त्या म्हणाल्या, "आणि जपावंही तसंच लागते."

मी मनात आपला धान आठवला. हलका धान चार महिन्यांत घरी येतो. भारी धानाला पाच महिने लागतात. धानाच्या पायात पाणी नसेल तर तो वाळतो. संत्र्याच्या पायात पाणी राहिले तर तो मरतो. दोन्ही पिकेच, पण किती वेगळी!

मामांनी दोन गोष्टी सांगितल्या त्याही लिहून ठेवते. नागपुरात १९८५ साली लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. संत्रा, मोसंबी, लिंबू यांच्या रोगांवर आणि कलमांवर तिथे काम चालते. आणि २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे नागपुरी संत्रा हे नाव दुसऱ्या कोणत्याही भागाच्या फळाला लावता येत नाही. त्याची साल सैल असते, हाताने सहज निघते. चव आंबटगोड असते. भावाला काकूंनी एक संत्रा तोडायला दिला, पण ओढून नाही, कात्रीने. ओढला तर देठाजवळ साल फाटते आणि फळ लवकर सडते. त्याने एकट्याने तीन संत्रे खाल्ले आणि बिया खिशात भरल्या.

बागेच्या कोपऱ्यात एक शेड होती. तिथे बायका संत्रे निवडत होत्या. मोठे वेगळे, मध्यम वेगळे, बारीक वेगळे. दूरच्या गावी जाणारा माल लाकडी पेट्यांत भरत होते. पेटीच्या तळाशी आणि फळांच्या मधे मऊ गवतासारखे काही अंथरलेले होते. आजी वाकली, मूठभर उचलले, नाकाशी नेले आणि एकदम म्हणाली, "अव्वा! हे त तणीस आहे! धानाचं तणीस!" खरेच ते धानाचे तणीस होते. इतक्या लांब, जिथे धानाची एक बांधी नाही, तिथे आपले तणीस. मामा म्हणाले, "तुमच्याच भागाकडून येते. फळाले धक्का लागू नये म्हणून भरतात. हे संत्रे दूरदूरच्या शहरांत जातात, त्यांच्यासंग तणीसही जाते." आजीने ते तणीस परत पेटीत नीट पसरून ठेवले. तिचा चेहरा मला अजून आठवतो. घरून निघाल्यापासून ती जरा घुश्शातच होती. त्यानंतर मात्र ती काकूंशी मोकळेपणाने बोलू लागली.

आता बाबांनी पिशवी उघडली. ते म्हणाले, "भाऊ, ही आमच्या वावरातली माती. एक एकर लावायचा विचार आहे. खरं काय ते सांगा." काकांनी मूठभर माती घेतली. तिच्यात थोडे पाणी घालून मळली. तिची गोळी झाली. गोळी दाबून त्यांनी तिची लांब पट्टी केली. पट्टी तुटली नाही. काकांनी विचारले, "तुमच्याकडं हिले काय म्हणतात?" बाबांच्या आधी आजी म्हणाली, "मोरांड. वरून टेकराची वाटते, पण खाली चिकट आहे. हिच्यात पाणी उभं राहते म्हणूनच धान चांगला होते."

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या हातातल्या मातीवरून मी नाही म्हणणार नाही, हो पण म्हणणार नाही. गावाले गेले की तीन फूट खोल खड्डा खणा. तो पाण्यानं भरा. रातभरात पाणी जिरलं त मले फोन करा, मी स्वतः कलमं निवडून देतो. उभं राहिलं त धानच लावा. आणि मातीची तपासणी करून घ्या." आईने तिचा प्रश्न विचारला. काका म्हणाले, "पाच वर्षं तरी झाड काही देत नाही. त्या पाच वर्षांत घर चालवायची सोय असेल तरच हात घाला. माझ्या बापानं बाग लावली तेव्हा आम्ही ज्वारीवर दिवस काढले."

बाबांनी पाण्याविषयी विचारले. तेव्हा काका आम्हाला विहिरीवर घेऊन गेले. विहीर खोल होती, पण पाणी अगदी तळाशी होते. शेजारी दोन बोअर होत्या. त्यातली एक कोरडी पडली आहे. "झाडं वाढली, बोअर वाढल्या, पाणी खाली गेलं," असे काका म्हणाले. मग त्यांनीच विचारले, "तुमच्याकडं तलाव लय आहेत म्हणतात, खरं का?" बाबांनी त्यांना आपल्या जिल्ह्याची माहिती सांगितली. आपल्याकडचे जुने तलाव मालगुजारीच्या काळातले आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. आपल्या चांदपूरच्या तलावाविषयीही त्यांनी सांगितले. बावनथडी नदीवरच्या सोंड्याटोला उपसा योजनेतून त्यात पाणी टाकतात आणि ते कालव्याने बांध्यांत येते. काका ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "असा एक तलाव आमच्या गावाले असता त दुसरं काही मागितलं नसतं." मी बाबांकडे पाहिले. ते विहिरीत खाली पाहत होते.

निघताना काकूंनी आम्हाला दोन पिशव्या संत्रे दिले. पैसे घेतले नाहीत. आजीने आपल्या पदराची गाठ सोडून भावाच्या वयाच्या त्यांच्या नातवाच्या हातावर दहा रुपये ठेवले. "पुढच्या वर्षी आमच्या गावी या, नव्या तांदळाचा भात खायाले," असे तिने काकूंना सांगितले.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी बाबा कुदळ घेऊन टेकराच्या बांधीत गेले. मीही गेले. तीन फूट खड्डा खणायला दुपार झाली. वरची वीतभर माती भुसभुशीत होती. खाली मात्र कुदळीला चिकटणारी, ओली माती लागली. आम्ही दोघांनी बादल्यांनी खड्डा भरला. सकाळी जाऊन पाहिले तर पाणी काठापासून चार बोटे खाली होते. दुसऱ्या दिवशीही उभे होते. तिसऱ्या दिवशी त्यात एक बेडूक बसलेला होता.

बाबा दोन दिवस कमी बोलत होते. बँकेचा कागद त्यांनी पेटीत ठेवून दिला. आजी "मी सांगितलं होतं" असे एकदाही म्हणाली नाही. तिने फक्त त्या रात्री बाबांच्या ताटात भाताची एक मूठ जास्त वाढली. खड्डा बुजवताना बाबा मला म्हणाले, "जमिनीनं जवाब दिला. आता तिच्याशी भांडून काय फायदा?" पण एकाच पिकाची भीती अजून त्यांच्या मनात आहे, आणि ती खोटी नाही. म्हणून यंदा त्यांनी टेकराच्या बांधीत ओलीवर हरभरा पेरला. पुढच्या पावसाळ्यात धुऱ्यांवर तूर लावायचे ठरले आहे. दोन्ही वावरांतली माती तपासणीला पाठवली आहे. काकांना फोन करून सारे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "कर्ज काढायच्या आधी खड्डा खणला, हे चांगलं केलं."

मित्र-मैत्रिणींनो, या सहलीत मी पुष्कळ नव्या गोष्टी पाहिल्या. पण सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती आजीची जुनी माहिती. मातीची नावे तिला तोंडपाठ आहेत. ती नावे मला माहीत नव्हती. म्हणून मी तिच्याकडून शिकून चार प्रकारची माती गोळा केली आहे. या भित्तीपत्रकाखालच्या टेबलावर चार पुड्या ठेवल्या आहेत. सिहार ही पिवळसर आणि हलकी. मोरांड ही काळसर आणि चिकट. कन्हार ही काळी आणि भारी. बरडी ही लालसर आणि खड्याची. बाजूच्या वाटीत पाणी आहे. चिमूटभर माती भिजवून गोळी करून पाहा आणि कोणत्या मातीची पट्टी लांब होते ते ओळखा.

पाहायला येणाऱ्या पालकांना नम्र विनंती आहे. आपल्या बांधीतली मूठभर माती मुलांबरोबर शाळेत पाठवा. पुडीवर तिचे घरी म्हणतात ते नाव आणि त्यात काय पिकते ते लिहा. पुढच्या अंकापर्यंत साऱ्या गावाच्या मातीचा एक तक्ता तयार करायचा आहे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी